एम. जी. मोटार कोणाच्या दारात उभी राहील

मी, वाल्मिक कानिफनाथ थेटे, वय ५८, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, मोटारीच्या कागदावर अजून जुनेच नाव आहे, ते कोणी खोडू नये), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. देवश्री देवचके यांनी दिला असून तो सोबत टाचला आहे. मला कोणी दम दिलेला नाही, की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. वकीलसाहेबांनी एक मसुदा टाइप करून दिला होता. त्यात मोटारीचे वर्णन "एक जुनी चारचाकी" एवढ्यावर उरकले होते. म्हणून मसुदा परत केला आणि स्वतः लिहायला बसलो.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण मी मशीन उघडणारा माणूस आहे. उघडलेले प्रत्येक मशीन जसेच्या तसे बसतेच असे नाही, हे मला त्यांच्याइतकेच माहीत आहे.

कलम १. गावठाणातील राहते घर व त्यापुढील अंगण माझी पत्नी सौ. लंकाबाई हिचे. तिच्यानंतर मुलगी सृष्टी हिचे. बँकेतील शिल्लक, विम्याची रक्कम व घरातील सर्व चीजवस्तू लंकाबाईच्या. यावर कोणाचा काही प्रश्न असेल तर त्याने तो तिलाच विचारावा, म्हणजे उत्तर तेथल्या तेथे मिळेल.

कलम २. नगर-मनमाड रस्त्यावरील गॅरेज भाड्याच्या जागेत आहे, त्यामुळे जागा देण्याचा प्रश्न नाही. आतील लेथ मशीन, वेल्डिंगचा संच व ड्रिल हे माझ्याकडे काम करणारे ओम भुजाडी यांना द्यावे. त्यांचा हात चांगला आहे. काम संपल्यावर लेथवरचा कीस ते झाडत नाहीत. निदान मशीन स्वतःचे झाल्यावर तरी झाडतील अशी आशा आहे.

कलम ३. आता मोटार. बाकी सगळ्याची वाटणी सोपी आहे. हे मृत्युपत्र मी हिच्यासाठी लिहीत आहे, त्यामुळे येथे वेळ लागेल.

वर्णन असे: एम. जी. कंपनीची टी. सी. मॉडेलची उघडी मोटार, सन १९४८, रंग गडद हिरवा, इंजिन साडेबाराशे सी. सी., दोन कार्ब्युरेटर, तारांच्या आऱ्यांची एकोणीस इंची चाके, जादा चाक पाठीमागे पेट्रोलच्या टाकीवर. पुढची काच बोनेटवर आडवी पडते. डिकी नाही. सीट दोन.

गावात तिच्याबद्दल जे बोलले जाते त्यातील बरेच चूक आहे, ते येथे दुरुस्त करून ठेवतो. ही मोटार गव्हर्नरची नव्हती. नगरला रणगाड्यांच्या शाळेत एक अधिकारी होते, त्यांनी ती घेतली आणि बदली झाली तेव्हा नगरमधील डॉ. रविकांत गंधे यांना विकली. डॉक्टर गेल्यावर ती त्यांच्या अंगणात लिंबाखाली उभी होती आणि तिच्यात कोंबड्या बसत. सन १९९४ मध्ये त्यांच्या पत्नी नीलांबरीबाई यांनी ती मला दिली. त्यांच्याकडे भंगारवाले येऊन गेले होते आणि त्यांनी जास्त पैसे सांगितले होते. बाईंनी मला एकच विचारले, "सुटी करून विकणार का?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग घेऊन जा. आणि चालू झाली की एकदा मला आवाज ऐकवा." सात वर्षांनी ऐकवला. त्या गॅलरीत उभ्या राहिल्या, ऐकले, आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसरे. हल्ली रस्त्यावर एम. जी. नावाच्या मोठ्या मोटारी दिसतात, त्यातल्या एकीचे नाव हेक्टर, त्यामुळे पोरे मला विचारतात, "काका, ही हेक्टरची आजी का?" नाते नावापुरते आहे. मी दहावी नापास (इंग्रजीत), तरी डिक्शनरी घेऊन या कंपनीचा इतिहास वाचून काढला आहे. इंग्लंडातील या मोटारींच्या मालकांच्या क्लबाला पत्रे लिहून त्यांच्याकडून दोन गोष्टी दुरुस्त करून घेतल्या आणि त्यांची एक मी दुरुस्त केली. तो इतिहास थोडक्यात देतो, कारण माझा पुढचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड गावात मॉरिस नावाच्या मोटार कारखानदाराचे विक्रीचे आणि दुरुस्तीचे गॅरेज होते. सन १९२२ मध्ये तेथे सेसिल किंबर हे मॅनेजर झाले. त्यांच्या असे लक्षात आले की मॉरिसची साधी, घरगुती मोटार घ्यायची, तिच्यावर हलकी आणि देखणी बॉडी बसवायची, इंजिनावर थोडा हात फिरवायचा, की बेताच्या पगाराच्या माणसालाही पळवण्याचा आनंद घेता येतो. एम. जी.चा जन्म असा गॅरेजात झालेला आहे, हे मी गॅरेजवाला म्हणून मुद्दाम लिहितो. पुढे ॲबिंग्डन गावात चामड्याच्या जुन्या कारखान्याचा भाग घेऊन त्यांनी स्वतःचा कारखाना मांडला. अष्टकोनी बिल्ला मात्र ऑक्सफर्डपासूनचा. तो बिल्ला किंबर यांनी शक्य तेथे लावला. माझ्या मोटारीच्या मीटरलासुद्धा आठ कोन आहेत.

पण कंपनी किंबर यांच्या मालकीची नव्हती. सन १९४१ मध्ये त्यांना तेथून जावे लागले. लढाईच्या काळात त्या कारखान्यात रणगाड्यांची कामे झाली. किंबर १९४५ च्या फेब्रुवारीत रेल्वेच्या अपघातात गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी टी. सी. बाहेर पडली. म्हणजे माझी मोटार ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांनी ती पाहिलेली नाही. पुढे कंपनी एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. सन १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. नाव मात्र विकले गेले, पुन्हा विकले गेले, चीनला गेले, आणि आता गुजरातेत त्या नावाच्या मोटारी तयार होतात.

यातून मी काय घेतले ते सांगतो. किंबर यांच्या मोटारी आज जगात चालतात त्या किंबर यांच्या नातलगांमुळे नव्हे. ज्याने ज्याने त्यातील एकीचे बोनेट उघडले आणि खाली काय आहे ते नीट पाहिले, त्या परक्या माणसांमुळे चालतात.

कलम ४. माझ्या मोटारीत एक वस्तू ॲबिंग्डनची नाही, ती नोंदवणे भाग आहे. टी. सी.च्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. कंपनीने ॲश नावाचे इंग्लंडातील लाकूड वापरले होते. माझा सांगाडा वाळवीने खाल्ला होता. ॲशचा गुण असा की ते हादऱ्याला लवते, मोडत नाही. आपल्याकडे तोच गुण धावड्याच्या लाकडात आहे. आणि आमच्या खळ्यावर वडिलांची बैलगाडी उभी होती, तिच्या दांड्या आणि साटा, म्हणजे वरची चौकट, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या धावड्याचा होता. मी वडिलांना विचारले. कै. कानिफनाथ म्हणाले, "बैलं गेली. आता ती हुबी राहून तरी काय करनार. घिऊन टाक."

हे ते म्हणाले तेव्हा मी तेथे होतो. माझे थोरले बंधू आबासाहेब तेथे नव्हते. ते काष्टीच्या बाजाराला गेले होते. परत आले तेव्हा गाडीच्या जागी नुसती चाके होती.

कलम ५. यानंतरची हकीकत बारा गुंठ्यांची. जुना हिशेब मिटवण्यासाठी नव्हे, वाचणाऱ्याला पुढचे कळावे म्हणून लिहितो.

आबांना मोटार पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. घरात आम्ही अकरा माणसे आणि मोटारीत दोन सीट. ते जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "दोन मानसांची गाडी घिनारा मानूस घरात न्हाई, घराबाहेर बघतोय." आमच्या आई बनुबाई यांनी तेव्हा मला विचारले की त्या दुसऱ्या सीटवर कोण बसणार, त्या की माझी बायको. दोघींनाही बसवले असते तर मलाच खाली उतरावे लागले असते. लंकाबाई लोक हसतील म्हणून पहिली चार वर्षे मोटारीत बसलीच नाही.

सन २००९ मध्ये वाटणी झाली. भगवतीच्या देवळाच्या सभामंडपात पंच बसले. शेत, विहीर, गोठा सगळे सरळ झाले. मग आबा म्हणाले, मोटारही वाटणीत धरा. मी म्हणालो, ती माझ्या कमाईची आहे. आबा म्हणाले, "तिच्यात बापाची गाडी हाय. कापून घातलीय. मंग ती येकट्याची कशी?"

मला हे मान्य केले पाहिजे की मुद्दा चांगला होता. एक म्हातारे पंच म्हणाले, दोन भाऊ आहेत, दोन सीट आहेत, एकेक वाटून घ्या. सगळा मंडप हसला. आम्ही दोघे हसलो नाही. शेवटी रस्त्याकडेच्या तुकड्यात माझे बारा गुंठे येत होते ते मी आबांना सोडून दिले आणि मोटार माझी ठरली. त्या बारा गुंठ्यांवर आज आबांचे मंगल कार्यालय आहे आणि लग्नसराईत त्याला एक दिवस मोकळा नसतो. मला आजपर्यंत अनेकांनी वेडा म्हटले आहे. त्या सर्वांना मी माफ केलेले नाही.

उठताना आबा म्हणाले, "ही मोटार माझ्या दारात दिसली, तर डिझेल वतून पेटवीन. भगवतीसमोर सांगतो." त्यानंतर आम्ही दोघे बोललेलो नाही. मयताला जातो, पण घाटावर दोन टोकांना उभे राहतो. आमच्या बायका मात्र बोलतात. पापड, कुरडया, लोणचे सगळे दोन्ही घरांत फिरत असते. आबांच्या घरची कुरडई मी इतकी वर्षे खात आलो आहे आणि ती आमच्यापेक्षा चांगली असते, हेही लिहून ठेवतो.

कलम ६. मोटार कोणाला, या प्रश्नावर मी सर्वांत आधी माझ्या मुलीला विचारले. सृष्टी नाशिकला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मोटार ती माझ्याइतकी चांगली चालवते, गिअर तर माझ्यापेक्षा हळुवार टाकते. तिने विचार करायला दोन दिवस घेतले आणि फोनवर सांगितले, "पप्पा, मला नको. चौथ्या मजल्यावर राहते मी. खाली झाकून ठेवीन आणि दर रविवारी तुमची आठवण काढून रडीन. त्यात मोटारीचं काय भलं?"

मला वाईट वाटले. पण तिने बरोबर हिशेब केला होता. ही मोटार झाकून ठेवली तर मरते. रबर वाळते, कार्ब्युरेटर चिकटतो, लाकूड दमट होते. तिला महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढून पळवणारा माणूस लागतो, आणि तो कोल्हारातला लागतो.

मग सृष्टीनेच सांगितले, "माउलीला द्या ना."

माउली म्हणजे ज्ञानेश्वर, आबांचा मुलगा. मंगल कार्यालय तोच बघतो. त्याने गेल्या काही वर्षांत माझ्याकडे मोटार अनेक वेळा मागितली, लग्नात नवरदेवाला बसवायला. मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो आणि प्रत्येक वेळी कारण सांगितले. मी कारण सांगतो तेव्हा ते पूर्ण सांगतो. त्यामुळे माउलीने एम. जी.चा सगळा इतिहास गॅरेजच्या दारात उभा राहून ऐकलेला आहे. ऐकताना तो मोबाईलकडे बघत असे, म्हणून मी असे धरून चाललो होतो की त्यातले काही त्याच्या डोक्यात शिरलेले नाही.

कलम ७. यंदाच्या फेब्रुवारीत मी हृदयाच्या तपासणीसाठी नगरला दवाखान्यात होतो. त्या दिवशी कार्यालयात कोपरगावकडच्या पार्टीचे लग्न होते. त्यांनी ठरवताना भिंतीवर माउलीने लावलेला मोटारीचा फोटो पाहिला होता आणि नवरदेवाचा परण्या, म्हणजे मारुतीच्या दर्शनाची मिरवणूक, त्याच मोटारीतून पाहिजे म्हणून अडून बसले. माउलीने लंकाबाईकडे किल्ली मागितली. लंकाबाईने दिली. तिचे म्हणणे असे, की घरातले पोरगे दारात उभे राहून मागते तर मी काय म्हणायचे होते. यावर मी काही लिहीत नाही.

मोटार आबांच्या दारात न नेता माउलीने नवरदेवाला पुढच्या चौकात बसवले आणि डीजेच्या मागे पावलापावलाने चालवली. ही मोटार पावलापावलाने चालवायची नसते. पुढून वारा लागला तरच तिचे पाणी थंड राहते. मारुतीच्या देवळाच्या अलीकडे तिने वाफ सोडली. पाण्याच्या पंपाचा एक बोल्ट हादऱ्याने सुटून पडला होता.

आता येथे वाचणाऱ्याने नीट लक्ष द्यावे, कारण याच जागी जगातल्या चांगल्या चांगल्या मिस्त्रींनी या इंजिनाची वाट लावलेली आहे. मॉरिसने इंजिने बनवण्यासाठी कॉव्हेन्ट्री शहरात एका फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला. तिथली मशिनरी फ्रेंच, तिच्यावर आटे मिलिमीटरमध्ये पडत. मशिनरी बदलणे परवडेना. पण इंग्लंडातल्या मिस्त्रींकडे पाने सगळे इंग्रजी मापाचे. म्हणून मॉरिसवाल्यांनी आटे फ्रेंच ठेवले आणि बोल्टचे डोके इंग्रजी मापाचे केले. त्यामुळे इंग्रजी पाना डोक्यावर बरोबर बसतो, आणि मिस्त्रीला वाटते की बोल्ट इंग्रजी आहे. तो दुकानातून इंग्रजी बोल्ट आणतो. दोन आटे जातात, मग अडते. मग तो पान्याला पाइप लावतो आणि जोर करतो. बोल्ट आत जातो आणि इंजिनातले आटे कायमचे जातात. मिलिमीटरचा बाजारू बोल्ट आणला तरी तेच, कारण या आठ मिलिमीटरच्या बोल्टची पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, एक मिलिमीटर आहे आणि बाजारात सव्वाची मिळते.

तेथे रस्त्यावरचा एक फिटर धावत आला. त्याने पाना लावून माप घेतले, पलीकडच्या दुकानातून बोल्ट आणला, दोन आटे बसवले आणि अडल्यावर पाइप मागितला. नवरदेवाचे मामा घाई करत होते. डीजे चालूच होता. माउली मध्ये पडला आणि त्याने फिटरच्या हातातला पाना काढून घेतला. तो काय म्हणाला ते मला त्या फिटरनेच नंतर गॅरेजवर येऊन सांगितले, आणि त्याच्या मते माउलीचे डोके फिरले होते.

"डोकं इंग्रजाचं हाय आन् आटा फ्रेंचाचा," माउली म्हणाला. "न्हाई बसायचा. हात लावू नको."

मामा म्हणाले, "मंग नवरदेव काय पायी जाईल व्हय?"

"जाऊ द्या पायी. देवाकडंच चाललाय."

यावर मोठी बाचाबाची झाली. मामांनी मोटारीला भंगार म्हटले, कार्यालयाला भंगार म्हटले आणि पुढे जे म्हटले ते कायदेशीर कागदात लिहिता येत नाही. माउलीने नवरदेवाचा हात धरून त्याला सांभाळून खाली उतरवले. वाढपी पोरांना बोलावले, मोटार उलटी फिरवली आणि ढकलत माझ्या घरी आणली. स्वतः स्टिअरिंगला. स्वतःच्या कार्यालयातले लग्न सोडून. आबा कार्यालयाच्या गेटवर उभे होते. लेकाला म्हणाले की पाहुण्यांसमोर नाक कापलेस, आणि तेही त्या मोटारीपायी. माउली थांबला नाही.

मी दुसऱ्या दिवशी आलो. बसस्टँडवरच बातमी कळली होती. मी घरात न जाता सरळ शेडमध्ये गेलो. माउली तेथे माझी वाट पाहत बसला होता. मी तोंड उघडले तेवढ्यात तो म्हणाला, "काका, काय बोलायचं ते बोला. पन आधी आटे बघा."

मी बॅटरी मागितली आणि पाहिले. आटे शाबूत होते. बोल्टाच्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून त्याने स्वच्छ कापडाची वात करून बसवली होती. हे मी त्याला कधी सांगितलेले नव्हते. ते त्याचे स्वतःचे होते.

मी विचारले की तुला ही मोटार कशाला पाहिजे, लग्नाच्या धंद्याला का? तो म्हणाला, "धंद्याला तर हायच. पन काका, तुमी गेल्यावर हिचं हे सगळं कुनाला ठावं असनार? सृष्टी नाशकात. मंग राह्यलं कोन?"

कलम ८. वरील सर्व लक्षात घेऊन, कलम ३ मध्ये वर्णन केलेली एम. जी. मोटार, तिचे सर्व सुटे भाग, फ्रेंच आट्यांचे जे बोल्ट मी लेथवर हाताने बनवून डब्यात ठेवले आहेत ते, इंग्रजी मापाच्या पान्यांचा संच, आणि दुरुस्तीचे पुस्तक (त्याच्या समासातील पेन्सिलीच्या दुरुस्त्या माझ्या आहेत आणि त्या बरोबर आहेत), हे सर्व मी माझा पुतण्या ज्ञानेश्वर आबासाहेब थेटे यास देतो. मला मुलगा नाही म्हणून पुतण्याला दिली, असे गावात कोणी म्हणेल. तसे नाही. मुलगा असता आणि त्याने तो पाइप लावू दिला असता, तर त्याला दिली नसती.

अटी अशा. रंग बदलू नये, विशेषतः लाल करू नये. मोटार सुटी करून विकू नये, हा माझा नीलांबरीबाईंना दिलेला शब्द आहे आणि तो मोटारीबरोबर जाईल. मिरवणुकीत, डीजेमागे, पावलापावलाने कधीही चालवू नये. लग्न लागल्यावर नवरा-नवरीला मोकळ्या रस्त्याने घरी सोडायला मात्र खुशाल न्यावी. दोन सीट आहेत, त्या कामाला पुरतात. किंबर यांनाही ते आवडले असते असे माझे मत आहे. सृष्टी कोल्हारला येईल तेव्हा तिने मागताच किल्ली द्यावी आणि कारण विचारू नये.

कलम ९. येथे अडचण आहे, आणि ती मी लपवत नाही. माउली आबांच्या घरात राहतो. मोटार त्याची झाली की ती आबांच्या दारात उभी राहणार. आबांनी भगवतीसमोर शब्द दिलेला आहे आणि माझा भाऊ दिलेला शब्द विसरत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलेले आहे. माझ्यामागे माउलीने बापाशी भांडून मोटार ठेवावी हे मला नको. आणि ती उघड्यावर कोठेतरी भाड्याच्या शेडमध्ये ठेवावी हेही नको. म्हणजे आबा हो म्हणाले तरच कलम ८ ला अर्थ आहे. नाहीतर तो नुसता कागद.

वकीलसाहेबांनी सांगितले की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनी मला सही करताना समोर बसून पाहिले पाहिजे. मी म्हणालो, मग एक डॉ. देवचके आणि दुसरे साक्षीदार आबासाहेब. वकीलसाहेबांनी दुसरे कोणी सुचवले. मी आबासाहेबच म्हणालो.

निरोप लंकाबाईने आबांच्या पत्नी मुक्तावहिनी यांच्याकडे दिला. पहिले उत्तर आले की त्याला सांगा, सहीला लई लोक मिळत्यात. मी पुन्हा निरोप पाठवला की मला लई लोक नको, एकच पाहिजे. दुसरे उत्तर दोन दिवसांनी कुरडयांच्या डब्याबरोबर आले: वाचल्याशिवाय सही करणार नाही. मी कळवले की वाचूनच करावी, मी सगळे लिहिले आहे, त्यांच्या बाजूचेही.

तेव्हा आबा, तुम्ही हे वाचत असाल तर येथे थोडे थांबा. बैलगाडीबद्दल वडील मला काय म्हणाले ते मी कलम ४ मध्ये लिहिले आहे, त्यात एक अक्षर वाढवलेले नाही. तुम्ही बाजारातून येईपर्यंत मी थांबलो नाही, तेही तसेच लिहिले आहे. मोटारीच्या दाराखालचा लांब तुकडा आहे तो गाडीच्या उजव्या दांडीचा. तुम्ही ज्यावर बसून जायचात तोच. त्याला रंग दिलेला नाही. दार उघडले की हाताला लागतो. सही करायची नसेल तर करू नका. पण कागद परत देण्याआधी शेडमध्ये जाऊन एकदा हात लावून पाहा.

कलम १०. माझे काही बरेवाईट झाल्यास अग्नी सृष्टीने द्यावा. दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणे ठेवू नयेत. कोणाला बोलल्याशिवाय राहवतच नसेल तर त्याने मोटार दुरुस्तीबद्दल बोलावे आणि लवकर आवरावे. मोटारीला हार घालू नये. फुलांचे पाणी रंगावर डाग पाडते.

कलम ११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सृष्टीने करावी. ती तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, त्यामुळे काम नीट होईल.

येथपर्यंतचा मजकूर माझा. प्रत्येक पानाखाली सही केली आहे आणि खाडाखोड कोठेही नाही.

ठिकाण: कोल्हार बुद्रुक, माझ्या राहत्या घरी, ओट्यावर.
तारीख: ११ एप्रिल २०२६, शनिवार.

(सही) वाल्मिक कानिफनाथ थेटे

साक्षीदार १: यांनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत, सर्व पाने पुन्हा एकदा तपासून आणि एका ठिकाणी स्वल्पविराम देऊन सही केली.
(सही) डॉ. देवश्री देवचके, कोल्हार

साक्षीदार २: समोर सही केली ती मी बघितली. वकील म्हनतो नुसती सही करा, पन मला लिहायचंय. सगळं वाचलं. त्यातलं माझ्याबद्दलचं निम्मं बरोबर हाय. शब्द मी भगवतीला दिला हुता, तर भगवतीला सकाळी नारळ फोडून सांगून आलो. कार्यालयाच्या उत्तर अंगाला दुपारचं ऊन येत न्हाई, तितं शेड घालतोय. पत्रे सांगितलेत, सोमवारी काम चालू. त्याच्या मरायची वाट कशाला बघायची, गुरुवारच्या आधी त्यानं सोता येऊन दाराची रुंदी सांगावी.
(सही) आबासाहेब कानिफनाथ थेटे, कोल्हार बुद्रुक